खालच्या खोलीतला सजदा

कागदोपत्री तिचं नाव काहीही असो, घरीदारी सगळे तिला तोफ म्हणत. नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हे नाव ठेवलं आणि बिचाऱ्याला वाटलं, आपण मोठा विनोद केला. तेव्हापासून तो तोफेच्या तोंडीच संसार करतो आहे. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको चिडली की उठून चहा ठेवायचा, एवढं एक शहाणपण त्यानं कमावलं होतं.

तोफ एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. लाँड्री तळघरात. धुऊन आलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. जरा तिरकी गेली की सुरकुती पडणार, सुरकुती पडली की वरच्या मजल्यावरून फोन येणार. एरवी वरून कुणी फोन करत नसे. बोटं पोळून पोळून अशी निबर झाली होती, की घरी ती तव्यावरची पोळी हातानंच उलटायची आणि पाहुणे डोळे मिटून घ्यायचे.

आणि मशिदीतही बायकांची जागा तळघरातच. नोकरी तळघरात, नमाज तळघरात. इतकं खाली राहून माणसाचा पारा वर चढणार नाही तर काय होणार?

मशीद बांधली तेव्हा म्हणे बायकांसाठी जागा ठेवायची राहून गेली. राहून गेली! हातपाय धुवायचे नळ राहून गेले नाहीत, जिना राहून गेला नाही, भिंतीवर घड्याळं तर एकाला तीन. नंतर कधीतरी कुणाच्या लक्षात आलं, की अरेच्चा, जगात बायका पण असतात. मग जिन्याखालची सामानाची खोली रिकामी केली, वरचे झिजलेले गालिचे खाली अंथरले, एक पंखा लावला आणि भिंतीवर एक चौकोनी स्पीकर ठोकून दिला. दाराबाहेर पुरुषांच्या चपलांचे रॅक. झाली बायकांची सोय.

आता इमामसाहेब वर, बायका खाली. ते दिसणार कसे? तेव्हा सगळी भिस्त त्या स्पीकरवर. त्यातून ‘अल्लाहु अकबर’ आलं की वाकायचं, पुन्हा आलं की कपाळ जमिनीला टेकायचं, म्हणजे सजदा करायचा, पुन्हा आलं की उठायचं. इमामाच्या आधी डोकं उचलायचं नाही, हे प्रत्येकीला लहानपणी कान पिळून शिकवलेलं. स्पीकर कधी खरखरायचा, कधी घोगरा व्हायचा, आणि त्याची तक्रार जायची मशिदीच्या सेक्रेटरींकडे. हे सेक्रेटरी म्हणजे तोफेचे सख्खे मोठे दीर. बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं त्यांचं, बोलणं टाइल्ससारखंच गुळगुळीत. तोफेनं घरी सांगितलं, दुकानात जाऊन सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. ते दर वेळी मान डोलावून म्हणायचे, “बघू.” त्या ‘बघू’ला कंटाळून बायकांनी शेवटी सांगणंच सोडून दिलं.

तरीही बायका यायच्या. दर शुक्रवारी यायच्या. आणि सगळ्यांच्या आधी यायच्या तोफेच्या सासूबाई. त्यांना ती अम्मी म्हणायची, तर आपणही अम्मीच म्हणू. अम्मी थकल्या होत्या, रक्तदाब होता, गुडघे कुरकुरायचे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आठवडाभर त्या खिडकीपाशी बसून असायच्या. शुक्रवार उजाडला की मात्र पांढरी ओढणी, कानामागे अत्तर, आणि “चल गं लवकर” म्हणून तोफेच्या मागे टुमणं. खालच्या खोलीत त्यांची जिवाभावाची मैत्रीण भेटायची, शिवणवाली खाला, म्हणजे मावशी. नमाजानंतर दोघी भिंतीला टेकून पाय पसरून बसायच्या. एकमेकींचे गुडघे दाबायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. सून समोरच बसलेली असली तर आवाज जरा आणखी चढवून काढायच्या. कधी हसायच्या, कधी डोळे पुसायच्या. घरी आल्या की त्या रात्री अम्मींना झोपेची गोळी लागायची नाही. तोफेनं हे पाहिलं होतं. स्वतःचंही तेच होतं की. दिवसभर रोलरपुढे उभं राहून पाठीचा लाकडी ओंडका झालेला असायचा, तो कपाळ टेकलं की पहिल्यांदा सैल व्हायचा. अल्लापुढे तिनं कधी तोंड वाजवलं नाही. तिचं सगळं भांडण जिन्यापासून सुरू व्हायचं.

त्या शुक्रवारी खोली भरलेली होती. इमामसाहेब तरुण, नवे, आणि लांब सजद्याबद्दल प्रसिद्ध. कपाळ टेकलं की लवकर उठायचं नाव नाही. शेवटचा सजदा आला. बायका खाली वाकल्या, कपाळं गालिच्याला टेकली. आणि स्पीकर गेला.

खरखर नाही, टक नाही, काही नाही. कुणाला कळलंच नाही. प्रत्येकीला वाटलं, आज इमामसाहेब फारच रंगात आलेत. कुणी आपल्या मुलाच्या नोकरीसाठी मागणं मागून घेतलं, कुणी नवऱ्याच्या मूळव्याधीसाठी. मागणी संपली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तोफेच्या नाकात जुन्या गालिच्याचा वास भरला. तिच्या मनात आलं, काहीतरी चुकतंय. पण आधी डोकं कोण उचलणार? शेजारणीनं उचललं तर आपण उचलू, असं शेजारीण पण मनात म्हणत होती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

मग बाहेर चपलांचा आवाज झाला. एक, दोन, पुष्कळ. पुरुष बोलत होते, कुणीतरी मोठ्यानं हसलं, कुणीतरी गाडीची किल्ली खुळखुळवली. तोफेनं डोकं उचललं. समोर नुसत्या पाठी. सगळ्या बायका, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोटुशी एक, शाळकरी पोरी, सगळ्या जमिनीला डोकं लावून पडलेल्या, आणि वरची सगळी मंडळी नमाज संपवून घरी निघालेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“उठा गं बायांनो! उठा!” ती ओरडली. “वरचे घरी गेले!”

बायका उठल्या. कुणी हसायला लागली, कुणी रडकुंडीला आली. अम्मी उठल्या नाहीत. तोफेनं खांद्याला हात लावला तशा त्या एका कुशीवर कलंडल्या. तोंड लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही.

हॉस्पिटल तिचंच. तिनंच इस्त्री केलेल्या चादरीवर अम्मींना झोपवलं. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर, रक्तदाब चढून चक्कर आली, निभावलं. यापुढे डोकं खाली करायचं नाही, नमाज खुर्चीवर. अम्मी घरी आल्या. पण बोलेनात. जेवायला वाढलं तर दोन घास, विचारलं तर हं. खिडकीपाशी जाऊन बसल्या त्या बसल्याच.

आणि मशिदीच्या कमिटीनं काय करावं? स्पीकर दुरुस्त करावा? छे! चोर सोडून संन्याशाला फाशी. खालच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि दारावर पाटी लावली, ‘महिलांच्या सुरक्षिततेसाठी बंद’. पाटीच्या चारी कोपऱ्यांना नीट चिकटपट्टी. इतकी नीट, की तोफेला ती बघूनच रडू कोसळलं. स्पीकरच्या तारेला यातली एक पट्टी लावायला यांना सवड झाली नव्हती!

तशीच ती दिरांच्या दुकानात गेली. ते एका गिऱ्हाइकाला निळ्या टाइल्स दाखवत होते.

“भाईजान, कुलूप कुणी लावलं?”

“आधी बस. पाणी घे.” गिऱ्हाइकाकडे बघून ते हसले. “कमिटीचा निर्णय आहे. अम्मींचं काय झालं ते पाहिलंस ना? उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? शेवटी बाईला घरातली नमाजच बरी, सवाब कुठे कमी होतो, पुण्य तेवढंच? आणि अम्मींचं मन लागत नसेल तर त्यांना जास्त जप करायला सांग. विश्वास पक्का असला की मन आजारी पडत नाही.”

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आजारी तुमचा स्पीकर, आणि जप अम्मींनी करायचा?”

“हळू बोल. दुकान आहे.”

“तुमच्या दुकानात मी हळू बोलायचं, मशिदीत बोलायचंच नाही, आणि घरी बोलले तर तोफ! मग बोलायचं कुठे, ते तरी लिहून लावा एखाद्या पाटीवर!”

गिऱ्हाईक टाइल खाली ठेवून हळूच निघून गेलं. दीर त्यावरच जास्त चिडले.

त्यात आणखी भर म्हणून हॉस्पिटलनं त्याच आठवड्यात कामगारांच्या मनःस्वास्थ्याचा तास ठेवला. गोड आवाजाच्या एक बाई आल्या. सगळ्यांनी डोळे मिटा, श्वास घ्या, समुद्र डोळ्यांपुढे आणा. रोलर बंद ठेवल्यामुळे तिकडे चादरींचा ढीग चढत होता, इकडे या समुद्र आणत होत्या. मग त्यांची नजर तोफेच्या डोक्यावरच्या रुमालाकडे गेली आणि आवाज आणखी गोड झाला.

“तुम्हाला यात कोंडल्यासारखं होत असेल ना? तुमच्यातल्या बायकांवर केवढं दडपण असतं. मोकळेपणानं बोला, इथे सगळ्या आपल्याच आहेत.”

तोफ बोलली. विचारल्यावर न बोलायला ती काय दगड होती?

“बाई, हा रुमाल मी रोज सकाळी आरशात बघून बांधते. माझ्या हातानं. कोंडतं ते वेगळ्याच ठिकाणी, पण तिथलं कुणी विचारत नाही. आमचे लोक म्हणतात विश्वास कमी पडला, तुम्ही म्हणता विश्वास जास्त झाला. आमची एक खोली होती, तिला कुलूप लागलंय. माझी सासू जेवत नाही. याला तुमच्या समुद्रात काही इलाज आहे का?”

बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचीला डोळे मिटायला सांगितले. समोरची चादर धरणारी जोडीदारीण नंतर म्हणाली, “बिचारीला एवढं कशाला झापलंस गं?” तोफेला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

पुढच्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी दीर घरी आले, सोबत इमामसाहेबांना घेऊन. इमामसाहेबांचा चेहरा पडलेला. खुर्चीच्या कडेवर ते असे बसले, जणू मास्तरांच्या घरी आलेला विद्यार्थी. नवऱ्यानं चहा ठेवला. तोफ दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी.

दीर अम्मींपाशी गेले, त्यांचा हात हातात घेतला. “अम्मी, चार बायका उगाच गावभर बोभाटा करतायत. खोली उघडा म्हणे. तुम्ही मोठ्या आहात, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. इमामसाहेबांसमोर एवढंच सांगा, की बायकांनी घरीच पढलेली बरी. खोली कायमची बंद करू. तुमच्यासाठीच करतोय हे सगळं.”

तोफ अम्मींच्या तोंडाकडे बघत राहिली. अम्मींनी या मुलाचा शब्द आयुष्यात खाली पडू दिला नव्हता. तो थोरला, तो कर्ता, त्याच्यापुढे धाकट्याला कधी किंमत नव्हती. आता एक ‘हो’ म्हणतील आणि संपलं. शिवणवाली खाला संपली, शुक्रवार संपला, या घरातलं अत्तर संपलं. आणि सुनेनं मधे तोंड घातलं तर अम्मींना आणखी लवकर ‘हो’ म्हणायला निमित्त मिळेल. तिनं ओठ दाताखाली धरला.

अम्मी खिडकीबाहेर बघत होत्या. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज निघाला, तोही बसलेला.

“आवाज गेलाय, हे मला कळलं होतं.”

“काय अम्मी?”

“तो स्पीकर चालू असतो ना, तेव्हा बारीक घूं घूं करतो. इतकी वर्षं ऐकतेय. ती घूं घूं थांबली. मला लगेच कळलं.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. “मग तुझा आवाज आला. दारापाशी. कुणाशी तरी टाइल्सच्या ट्रकबद्दल बोलत होतास. हसलास. मी म्हटलं, हा आता दार वाजवेल. आई खाली आहे, माहीत आहे याला. स्पीकर बिघडलाय, हेही याला माहीत आहे. बघू तरी, याला आठवण येते का. म्हणून डोकं उचललं नाही. पडून राहिले, वाट बघत.”

 स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

“तू चपला घातल्यास आणि गेलास,” अम्मी म्हणाल्या. “हसत हसत गेलास.”

“अम्मी, माझ्या लक्षात...”

“तेच म्हणतेय मी. लक्षात.” त्यांनी हात सोडवून घेतला. “माझ्यासाठी करतोयस ना? मग खोलीला कुलूपच राहू दे. मला नको ती खोली.”

दिरांनी सुटकेचा श्वास सोडला. तोफेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“उद्या मी वर येणार आहे,” अम्मी म्हणाल्या. “मोठ्या दालनात, शेवटच्या रांगेत. खालून कुणी कुणाला दिसत नाही.”

“वर? पुरुषांत? अम्मी, लोक काय म्हणतील!”

तेव्हा इमामसाहेबांनी घसा साफ केला. आवाज अगदी लहान होता, पण होता. “पैगंबरांच्या मशिदीत बायका मागच्या रांगांत उभ्या राहायच्या. मधे भिंत नव्हती. आमची शेवटची रांग तशीही रिकामीच असते. मी एक खुर्ची ठेवतो.”

“आजच सुचलं तुम्हाला हे?” तोफ फाडकन म्हणाली. इमामसाहेबांनी खाली मान घातली. 

शुक्रवारी अम्मी जिना चढल्या. एका बाजूनं तोफ, दुसऱ्या बाजूनं शिवणवाली खाला. पायरीपायरीला दम खात, पण चढल्या. मागून बाकीच्या बायका. दोन-तीन पुरुष नाकं मुरडून पुढे सरकले, एक म्हातारबुवा मोठ्यानं खाकरले, शिवणवाली खाला त्याहून मोठ्यानं खाकरली. शेवटच्या रांगेत, दारापासून हातभर अंतरावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बायका उभ्या राहिल्या. मधोमध खुर्चीवर अम्मी. पहिल्या रांगेत दिरांची मान मागून दिसत होती, ताठ, लाल. इमामसाहेबांचा आवाज थेट आला, तारेतून नाही. नमाजातला तो तोफेनं असा पहिल्यांदाच ऐकला आणि कपाळ टेकल्यावर ती रडली, रागानंच रडली. इतकी साधी गोष्ट होती ही. इतकी साधी! आणि हिच्यासाठी एका म्हातारीला मरता मरता वाचावं लागलं.

जमातीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज संपली. दीर सगळ्यांच्या आधी उठले, घड्याळ बघत दाराकडे निघाले. दुकान होतं, ट्रक यायचा होता. बायकांच्या रांगेपाशी येऊन थबकले.

कारण जमातीनंतरची ज्याची त्याची नमाज बायकांनी सुरू केली होती. आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नाही, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत बायका नमाजात. दार त्यांच्या पाठीमागे. दिरांच्या मागे दुसरे आले, तिसरे आले, हळूहळू सगळं दालन त्यांच्या पाठीशी येऊन उभं राहिलं. कुणी खाकरलं. कुणी चुळबुळलं. जायला वाट नव्हती, आणि वाट मागायला कुणाला तोंड नव्हतं.

एकेका बाईची नमाज संपत आली. अम्मींची संपेना. त्या खुर्चीवरच जरा पुढे वाकल्या होत्या, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ताठ, कणखर, अगदी शुद्धीत. आईच्या समोर मुलगा उभा होता, आणि तिचं संपेपर्यंत त्याला उभंच राहायचं होतं.

तोफेनं नमाज संपवताना उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे सलाम फिरवला. वर पाहिलं. दीर तिच्याकडे बघत होते, तिनं जरा बाजूला सरकावं म्हणून डोळ्यांनी विनवत होते.

“बसा भाईजान,” ती म्हणाली. “अम्मींचं व्हायचंय अजून.”

मग तिनं ओढणी सारखी केली, उठून उभी राहिली आणि आणखी एक नमाज सुरू केली.